आधी ती कपड्यांची यादी वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा तक्ता मी सावकाश वाचला. चर्चच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाचा नेटाने अभ्यास करण्याचे तू ठरवले आहेस, याचा मला मनापासून आनंद झाला. तक्त्यात ३१३, ३२५, ४५१, १०५४, १५१७ अशी सने तू ओळीने मांडली आहेस, प्रत्येकासमोर सम्राट, पोप आणि धर्मपरिषदा यांची नावे लिहिली आहेस, आणि यात काय राहून गेले असे मला विचारले आहेस. सनांमध्ये एकही चूक नाही. राहून गेली आहेत ती साधी माणसे, आणि ती कुठे भेटतात हे सांगण्यासाठीच मी हे पत्र लिहीत आहे.

तू ३२५च्या निकेयाच्या धर्मपरिषदेपासून सुरुवात करू नकोस. तिच्या बावीस वर्षे आधी, १९ मे ३०३ रोजी, उत्तर आफ्रिकेतील नुमिदियामध्ये किर्ता या शहरात एक जप्ती झाली. त्या जप्तीच्या पंचनाम्यापासून सुरुवात कर. ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे पाडावीत आणि त्यांची शास्त्रे जाळून टाकावीत, असा हुकूम सम्राट डायोक्लेशनने त्याच वर्षी काढला होता. त्या हुकमानुसार मुनातियस फेलिक्स हा नगराधिकारी कारकून बरोबर घेऊन, मंडळी जिथे जमत असे त्या घरी गेला. बिशप पौल तिथेच होता. शास्त्रे मागितल्यावर, ती वाचकांकडे (उपासनेत शास्त्रे वाचून दाखवणाऱ्यांकडे) असतात, इथे जे आहे ते आम्ही देतो, असे तो म्हणाला. मग एकेक वस्तू बाहेर आली आणि कारकुनाने ती लिहून घेतली: सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा प्याले, चांदीचे सात दिवे, आणि त्याच यादीत पुढे स्त्रियांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांच्या पादत्राणांचे १३ जोड आणि स्त्रियांच्या पादत्राणांचे ४७ जोड.

विद्यार्थी असताना मी हा पंचनामा प्रथम वाचला, तेव्हा सोन्याचांदीची नोंद तेवढी टिपून घेतली आणि कपड्यांच्या ओळी तशाच ओलांडून पुढे गेलो. ती चूक माझ्या लक्षात येईपर्यंत बरीच वर्षे गेली, आणि तुझी तेवढी वर्षे जाऊ नयेत असे मला वाटते. एका प्रार्थनाघरात स्त्रियांच्या पादत्राणांचे ४७ जोड कशासाठी ठेवले असतील, हा प्रश्न एकदा मनात आला की त्या मंडळीचे रोजचे जीवन डोळ्यांसमोर उभे राहते. ते सामान बहुधा गरजूंना, विशेषतः विधवांना वाटण्यासाठी होते. त्याआधी सुमारे पन्नास वर्षे, २५१च्या सुमारास, रोमचा बिशप कॉर्नेलियस याने एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली होती. तीत ४६ धर्मगुरू, सात डीकन (धर्मगुरूंच्या खालचे सेवक) आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या १,५००हून अधिक विधवा व पीडित यांचा उल्लेख आहे. त्या पत्राशेजारी किर्ताची यादी ठेवून पाहा. सम्राटांच्या दरबारात प्रवेश मिळण्यापूर्वी चर्च कशाच्या बळावर वाढले, याचे उत्तर मला तरी कोणत्याही मोठ्या सिद्धांतापेक्षा त्या पादत्राणांच्या नोंदीत अधिक स्पष्ट दिसते.

पण पंचनामा तिथे संपत नाही. ग्रंथांची कपाटे उघडली, तर ती रिकामी होती. मग उपडीकनांपैकी, म्हणजे डीकनांच्या हाताखालच्या सेवकांपैकी, एकाने एकच मोठा ग्रंथ आणून दिला. बाकीचे वाचकांकडे आहेत असे कळल्यावर वाचकांची नावे विचारली गेली, तेव्हा दोघा उपडीकनांनी आपण घरभेदे नाही, हवे तर आम्हाला ठार मारण्याचा हुकूम द्या, असे सांगितले आणि ते अटकेत गेले. बिशपने मात्र आधीच सांगून टाकले होते की कचेरीतल्या कारकुनांना वाचक माहीत आहेत. त्यानंतर घरोघर झडती झाली आणि कोणाकडे चार, कोणाकडे पाच, कोणाकडे आठ ग्रंथ निघाले. एकाच दिवसात, एकाच मंडळीत, कोणी नमले आणि कोणी नमले नाही, आणि ते सारे एका सरकारी कारकुनाने भावनेचा लवलेशही न ठेवता नोंदवून ठेवले.

आता हा कागद टिकला कसा, ते पाहा. छळ थांबला, सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात, ३१३ मध्ये, ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, आणि लगेच उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीत फूट पडली. छळाच्या दिवसांत शास्त्रे स्वाधीन करणाऱ्याच्या हातून झालेली बिशपची दीक्षा ग्राह्य धरावी की नाही, हा त्या वादाचा गाभा होता. ती ग्राह्य नाही, असे ठामपणे म्हणणाऱ्यांना पुढे दोनातुस या बिशपचे अनुयायी म्हणून ओळखले जाऊ लागले. किर्ताचा तेव्हाचा बिशप सिल्वानुस त्यांच्याच बाजूचा होता. पण ३०३च्या जप्तीत हाच सिल्वानुस उपडीकन होता आणि त्याने स्वतः चांदीच्या दोन वस्तू शोधून अधिकाऱ्याच्या हाती दिल्या होत्या. त्याच्याच एका डीकनाशी त्याचे बिनसले, प्रकरण ३२० मध्ये प्रांताधिकाऱ्यापुढे गेले, आणि तिथे तो सतरा वर्षांपूर्वीचा पंचनामा वाचून दाखवण्यात आला. भांडण झाले नसते तर ते पादत्राणांचे ४७ जोड आपल्याला कधीच कळले नसते.

म्हणून कोणताही कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे याच्या आधी, तो कोणी जपला आणि कोणाविरुद्ध वापरण्यासाठी जपला, हे विचारण्याची सवय लावून घे. पुढे ऑगस्टिनसारख्या थोर बिशपनेही, आधी बळजबरीला विरोध केल्यानंतर, दोनातुसच्या अनुयायांविरुद्ध राजसत्तेचा वापर योग्य ठरवला. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर आले, आणि निकाल सम्राटाच्या प्रतिनिधीने दिला. शंभर वर्षांपूर्वी ज्या सत्तेचे अधिकारी मंडळीची कपाटे उघडत होते, तीच सत्ता आता मंडळीतल्या फुटीचा निवाडा करू लागली होती. चौथ्या शतकातले हे वळण तुझ्या तक्त्यात ३१३ या एका आकड्यात दडून गेले आहे, आणि माझ्या मते त्याला एका पानापेक्षा पुष्कळ अधिक जागा हवी.

तुझ्या तक्त्यात दुसरी एक मोठी उणीव आहे. ४५१च्या खाल्कीदोनच्या धर्मपरिषदेनंतर तुझी नजर रोम आणि कॉन्स्टँटिनोपल सोडून कुठे वळतच नाही. पूर्वेकडची सिरियाक भाषेतील मंडळी त्या काळात पर्शियातून मध्य आशियाच्या व्यापारी वाटांनी चीनपर्यंत पोहोचली होती. तांग राजवटीत, ६३५ मध्ये, आलोपेन नावाचा धर्मगुरू चांगआन या राजधानीत आला, आणि ७८१ मध्ये तिथे त्या मंडळीच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीची हकीकत सांगणारा उंच शिलालेख उभारला गेला. मजकूर चिनी आणि सिरियाक भाषांत आहे. त्यात त्या मंडळीचा तत्कालीन सर्वोच्च धर्माध्यक्ष म्हणून हनानीशो याचे नाव कोरलेले आहे, पण शिळा उभी राहण्यापूर्वीच तो वारला होता आणि त्याच्या जागी तिमथी हा धर्माध्यक्ष झाला होता. ती वार्ता मेसोपोटेमियातून चांगआनपर्यंत पोहोचलेली नसावी. केवळ एका नावावरून ते अंतर किती होते, आणि एवढ्या अंतरावरही आपण एकाच मंडळीचे आहोत अशी त्यांची भावना किती घट्ट होती, हे कळून येते. ८४५ मध्ये सम्राटाने परकीय धर्मांवर बंदी घातली आणि ती मंडळी विरत गेली. शिळा सतराव्या शतकात पुन्हा उजेडात आली.

पूर्व आणि पश्चिमेकडच्या चर्चमधल्या फुटीचे वर्ष मानल्या जाणाऱ्या १०५४ या सनाविषयी थोडक्यात लिहितो. त्या वर्षी १६ जुलैला रोमच्या कार्डिनल हुम्बर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मुख्य चर्चच्या वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले हे खरे आहे, पण ते तिथला सर्वोच्च धर्माध्यक्ष मिखाएल केरुलारियस आणि त्याच्या साथीदारांपुरते होते, आणि ज्या पोपच्या वतीने ते ठेवले गेले तो एप्रिलमध्येच निवर्तला होता. पूर्वेकडच्या सामान्य ख्रिस्ती माणसाच्या मनात कायमची जखम झाली ती १२०४ मध्ये, क्रूसेडच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या धर्मयुद्धाच्या, सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले तेव्हा. परस्परांवरचे १०५४चे ते बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजी मागे घेतले गेले. १५१७च्या बाबतीतही, जर्मन धर्मसुधारक ल्यूथर चर्चच्या दरवाजावर हातोड्याने आपली विधाने ठोकत आहे, या चित्राला फार महत्त्व देऊ नकोस. ल्यूथरने ३१ ऑक्टोबरला माइन्सच्या आर्चबिशपला पाठवलेले पत्र मात्र अवश्य वाच, कारण क्षमापत्रांच्या (पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या) विक्रीने साध्या माणसांची कशी फसगत होते याची त्याची खरी कळकळ तिथे दिसते.

आता एका अवघड प्रकरणाविषयी. तू स्वतः श्रद्धावान आहेस, आणि चर्चच्या अपराधांविषयी किती लिहावे असे तू संकोचाने विचारले आहेस. संकोच करू नकोस, सगळे लिही. १७१० मध्ये ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन याने बार्बाडोसमधील आपले उसाचे मळे, तिथल्या गुलामांसह, इंग्लंडच्या चर्चच्या सुवार्ताप्रसारक संस्थेला मृत्युपत्राने दिले. त्या मळ्यांवरच्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. त्यांचा मालक कोणी व्यापारी नव्हता, सुवार्ता सांगण्यासाठी स्थापन झालेली संस्था होती. १८३३च्या कायद्याने गुलामगिरी संपली, तेव्हा त्या संस्थेला ८,८२३ पौंड भरपाई मिळाली. ज्यांच्या छातीवर डाग होते त्यांना काहीही मिळाले नाही. २००६ मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या महासभेने याबद्दल क्षमा मागितली. हे लिहिताना माझा हात आजही जड होतो, आणि तो जड होतो म्हणूनच ते प्रत्येक वेळी लिहिले पाहिजे असे मला वाटते.

त्याच पानावर १६८८चे साल लिही. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या चार गृहस्थांनी माणसांच्या खरेदीविक्रीविरुद्ध निवेदन लिहून आपल्या सभेपुढे ठेवले. सभेने ते वरच्या सभेकडे पाठवले, तिने आणखी वर, आणि निर्णय कोणीच घेतला नाही. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगण्यास आपल्या सभासदांना मनाई केली ती १७७६ मध्ये. मधल्या ८८ वर्षांना कोणी संथ प्रगती म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण त्या वर्षांत किती माणसे गुलाम म्हणून जन्मली आणि मेली याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्या निवेदनाचा मूळ कागदही हरवला होता, तो १८४४ मध्ये सापडला.

लॅटिन शिकायला तू आरंभ केला आहेस, तेव्हा एक काम देतो. किर्ताचा पंचनामा सोप्या लॅटिनमध्ये आहे; त्याचे मराठी भाषांतर करून पुढच्या पत्रासोबत मला पाठव. झडतीत एका वाचकाच्या घरी त्याच्या पत्नीने सहा ग्रंथ आणून दिले, असे त्यात आहे. आणखी असतील तर आण, असे अधिकारी तिला बजावतो. तिचे उत्तर लॅटिनमध्ये अवघे दोन शब्दांचे आहे: माझ्याकडे नाहीत. मग अधिकारी एका सरकारी गुलामाला आत पाठवतो, आणि तो बाहेर येऊन, शोधले पण सापडले नाही, असे सांगतो. पंचनाम्यात तिचे नाव दिलेले नाही. ती खरे बोलत होती का, आणि त्या गुलामाने खरोखर सगळीकडे शोधले का, हे ठरवू नकोस. त्या दोघांची वाक्ये मराठीत कशी आणतोस, तेवढे मला पाहायचे आहे.

तुझा शुभचिंतक