स्लोव्हेनियातल्या वाइनच्या खेड्यांत मित्रांसोबत शनिवार-रविवार घालवायचा तर नेमकं कुठे जावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: तुम्ही म्युनिकमधले पाच मित्र, सुट्टी फक्त शनिवार-रविवारची, नाशिकच्या वायनऱ्या पालथ्या घालून झाल्यात, दोघे शाकाहारी, एकजण थेंबही घेत नाही, आणि गर्दीच्या जागा नकोत. मीही म्युनिकमध्येच राहतो, आमचं टोळकं त्या बाजूला जात असतं, म्हणून सरळ सांगतो. गोरिश्का बर्दाला, म्हणजे इटलीच्या हद्दीजवळच्या वाइनच्या टेकड्यांत जा आणि फक्त तिथेच जा. ब्लेडचं तळं, ल्युब्लियाना, पिरानचा समुद्र हे सगळं त्याच दोन दिवसांत कोंबलंत तर निम्मा वेळ गाडीत जाईल.

बाकीचे भाग वाईट नाहीत. मारिबोरमध्ये चारशेहून जास्त वर्षांचा द्राक्षवेल अजून फळ धरतो, तो बघण्यासारखा आहे, पण ते शहर झालं. विपावाच्या खोऱ्यात झेलेन आणि पिनेला ही तिथलीच द्राक्षं मिळतात, मात्र ‘बुर्या’ वारा सुटला की बाहेर बसणं विसरा. क्रास या भागात लाल मातीतली तेरान ही लाल वाइन मिळते. तिथे शेतकरी वर्षातले काही दिवस घरातच वाइन आणि खाणं विकतात, ही परवानगी १७८४ सालच्या ऑस्ट्रियन बादशहाच्या फर्मानातून आलेली. रस्त्यावर आयव्हीची फांदी टांगलेली दिसली की तिच्या मागे जायचं. फार मजा असते, पण तुम्ही जाल त्या शनिवारी नेमकं कोणाचं घर उघडं असेल ते आधी बघावं लागतं.

बर्दा हा इटलीच्या हद्दीला चिकटलेला टेकड्यांचा छोटासा पट्टा. उत्तरेकडचा गारठा आल्प्स अडवतो, दक्षिणेकडून एड्रियाटिकची ऊब येते. म्हणून द्राक्षांच्या जोडीला चेरी, अंजीर आणि ऑलिव्हही होतात. जमीन म्हणजे एकेकाळचा समुद्रतळ. मार्ल (चुनामिश्रित चिकणमातीचा दगड) आणि वालुकाश्माचे थर, हातात धरले तर भुगा होतात. तिथले लोक तिला ‘ओपोका’ म्हणतात आणि वाइनच्या चवीचं निम्मं श्रेय तिलाच देतात. नाशिकला वेलींना खरी हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतात. इथे वेली थंडीभर निपचित असतात आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तोडणी बघायची तर तेव्हा जा, फक्त त्या आठवड्यांत घरच्यांना तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. माझ्या मते मे-जून उत्तम. जूनमध्ये चेरीचा उत्सवही असतो.

आता सरहद्द. ही समजली नाही तर बर्दा म्हणजे नुसत्या सुंदर टेकड्या. पहिल्या महायुद्धात सोचा नदीच्या काठाने १९१५ ते १९१७ मध्ये बारा लढाया झाल्या. बर्दाच्या अंगावर उभा असलेला ६०९ मीटरचा साबोतिन डोंगर आतून पोखरलेला आहे, त्याच्या भुयारांत आजही फिरता येतं. मग १९४७ च्या पॅरिस करारानं नवी रेघ ओढली. टेकड्यांचा मोठा भाग युगोस्लाव्हियाकडे आला, उरलेला कोल्लिओ या नावाने इटलीकडे राहिला. गोरित्सिया शहर इटलीला गेलं, म्हणून युगोस्लाव्हियानं १९४८ पासून त्याच्या शेजारी नोवा गोरित्सा हे कोरं शहर बांधायला घेतलं. कितीतरी शेतकऱ्यांचं घर अलीकडे आणि बाग पलीकडे. त्यांना पास काढून स्वतःच्या शेतात जावं लागे. १३ ऑगस्ट १९५० च्या रविवारी तर हजारो लोक पहारेकऱ्यांना न जुमानता गोरित्सियात घुसले, नातेवाइकांना भेटले, दुकानांत शिरले आणि परत येताना अनेकांच्या हातात केरसुण्या होत्या, कारण युगोस्लाव्हियात साध्या केरसुणीचाही तुटवडा होता. तो दिवस तिकडे ‘केरसुण्यांचा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. दोन्ही शहरांच्या मधल्या चौकातलं कुंपण २००४ मध्ये निघालं, आणि २०२५ मध्ये दोघांनी मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवलं. आज मोवियासारख्या वाइन बनवणाऱ्या घराण्याच्या बागा दोन्ही देशांत आहेत आणि द्राक्षं एकाच तळघरात येतात.

पण इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियाच्या हद्दीवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, त्यामुळे पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट प्रत्येकाच्या खिशात हवंच. “शेंगेनमध्ये कोण विचारतंय” म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याची बॅग तुम्ही स्वतः तपासा.

वाइनमध्ये जीव लावा तो रेबुलावर. जाड सालीचं, उशिरा पिकणारं पांढरं द्राक्ष, हद्दीपलीकडे त्यालाच रिबोल्ला जाल्ला म्हणतात. एकाच घरात त्याचे किती अवतार मिळतात बघा: स्टीलच्या टाकीतली हलकी, लाकडी पिंपातली भारदस्त, बुडबुड्यांची, आणि सालीसकट आंबवलेली केशरी. ही केशरी वाइन जगभर गाजली ती याच भागातून. हद्दीपलीकडच्या ओस्लावियात योश्को ग्राव्हनर या वाइन बनवणाऱ्याने २००१ च्या पिकापासून जॉर्जिया देशातले मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यात वाइन करायला सुरुवात केली. सालीबरोबर आठवडे किंवा महिने राहिल्यामुळे तिला चहाचा तुरटपणा येतो. आमच्यातल्या एकाने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, आणि निघताना त्याच बाटल्या गाडीत भरल्या. तिला बर्फागत थंड करून मागू नका, चव मिटते. आणि हो, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरलंत तर कोणी नाक मुरडत नाही.

दिवसाला वाइन बनवणारी दोन घरं पुरेत, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. ही माणसं बागेतून हात धुऊन येतात, टेबलावर बसतात आणि तास-दीड तास बोलतात. त्यामुळे आठवडाभर आधी फोन किंवा ईमेल हवाच. अचानक दारात उभं राहिलात तर बहुधा कुत्राच भेटेल. चव घेण्याचे पैसे पडतात, आणि निघताना एखाददुसरी बाटली घेणं ही रीत. कोणाचंच जमलं नाही तर बर्दातल्याच दोब्रोवो गावात ‘क्लेट बर्दा’ ही १९५७ सालची सहकारी वायनरी आहे, शेकडो शेतकरी कुटुंबांची. सहकारी साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला तिथे उगाच घरच्यासारखं वाटतं. जवळच दोब्रोवोच्या गढीत झोरान मूशिच या चित्रकाराची मुद्राचित्रं आहेत, तासभर काढा.

राहायला हॉटेल शोधू नका, शेतकऱ्याकडे खोल्या मिळतात. तटबंदीचं श्मार्त्नो गाव संध्याकाळी पायी फिरा, आणि गोन्याचेचा २३ मीटरचा मनोरा सकाळी चढा. हवा स्वच्छ असली तर एका बाजूला आल्प्स आणि दुसऱ्या बाजूला त्रिएस्तचा समुद्र दिसतो. टेकड्या बुटक्या असल्या तरी चढ दम काढतात, सायकल घ्यायची तर बॅटरीवाली घ्या.

शाकाहारी दोघांचे हाल होणार नाहीत, पण बुक करतानाच सांगा. नाही सांगितलंत तर तुम्ही बसायच्या आधी टेबलावर पर्शुत, म्हणजे वाळवलेलं डुकराचं मांस, आलेलं असतं. अंडं चालत असेल तर रानातल्या पाल्याची फर्ताल्या मागा, हे जाडसर हिरवं ऑम्लेट तिथली खासियत आहे. नसेल चालत तर मक्याच्या पिठाचा पोलेंटा, तोल्मिनचं चीज, ऑलिव्ह तेल आणि ताजा पाव यांवर छान भागतं. योता नावाचं घेवडा-कोबीचं सूप शाकाहारी वाटतं, पण बरेचदा त्यात डुक्कर असतं, विचारून घ्या.

न पिणारा मित्र तुमच्या दृष्टीने लॉटरीच, पण त्याला दोन्ही दिवस ड्रायव्हर करू नका. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा तिथे किलोमागे ०.५ ग्रॅम आहे आणि नव्या लायसन्सवाल्यांना शून्य. दुसऱ्या दिवशी आणखी एकाने सकाळपासून नुसता द्राक्षाचा किंवा चेरीचा रस प्यावा. बऱ्याच घरांत तो मिळतो.

जाताना साल्झबुर्ग, फिलाख, उदिने आणि मग कोरमोन्सहून थेट बर्दात शिरा. थांबे धरून पाच-साडेपाच तास. ऑस्ट्रियाचं विनिएट (मोटरवे वापरण्यासाठी आधी घ्यायचा पास), ताउअर्न बोगद्याचा वेगळा टोल आणि इटलीच्या हायवेचा टोल लागतो, पण स्लोव्हेनियाचं विनिएट लागत नाही, कारण त्यांच्या मोटरवेला तुम्ही शिवतच नाही. येताना मात्र सोचाच्या काठाकाठाने या. सोल्कनला १९०६ चा रेल्वेपूल दिसेल, ८५ मीटरची दगडी कमान, दगडी रेल्वेपुलांत जगात सर्वांत लांब. पुढे कोबारिडचं युद्धसंग्रहालय, बोव्हेत्सचं हिरवंनिळं पाणी, आणि प्रेदेल घाटातून तार्विझिओ. बाटल्या आणि वाटेतलं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा, रविवारी स्लोव्हेनियात बहुतेक दुकानं बंद असतात. उन्हाळ्यात बाटल्या डिकीत तापू देऊ नका. आणि कोबारिडहून दुपारी दोनच्या आत निघा, नाहीतर रविवारी संध्याकाळी साल्झबुर्गच्या पुढे जर्मन हद्दीवरच्या तपासणीच्या रांगेत अडकाल.