वर्गापर्यंत जाता येईल का?

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, मुलाखतीला दोघांनी इंग्रजीतच बोलायचं का?" तेव्हापासून मला चैन नाही. लेक सहा वर्षांची, प्रवेश पहिलीचा आणि पाठांतर तुम्ही दोघं करताय! अरे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची किंवा आईबापांची अशी चाळणी लावायलाच मनाई केली आहे. हे विचारायचं सोडून तू कपडे कुठले घालू म्हणतोस?

जिल्हा परिषदेची की खाजगी, ते तुझं तू ठरव. मला एकच सांग, तिथे तुला वर्गापर्यंत जाता येईल का?

थोरल्याला आम्ही खाजगीत घातलं. पहिलीत असताना एकदा तो धडा घडाघडा वाचत होता. कौतुकाने वाकून पाहिलं, तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंडात सातवी. अक्षर ओळख नाही, सगळं पाठ. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, तर फाटकावरच अडवलं. "मॅडम पालकसभेलाच भेटतील." पुस्तक पिशवीत घालून मी परत फिरलो. तिथेच ठाण मांडायला हवं होतं. नाही मांडलं. ते अजून टोचतं.

धाकटीला जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं तेव्हा घरात आठ दिवस कुणी धड बोललं नाही. तिथे सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पाच वर्ग, दोन शिक्षक. पट साठच्या आत असला की कायद्यानेही दोनच. त्यात निवडणुकीची कामं. पण तिला हातच्याची वजाबाकी जमेना, तेव्हा मी सरळ वर्गात गेलो. बाईंनी दहा काड्यांची जुडी तिच्या हातात दिली, रबर काढायला लावलं, सुट्या काड्या एककाच्या घरात मांडून घेतल्या. मी तिथेच उभा होतो. घरी कसं शिकवायचं ते मला त्या दिवशी कळलं.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असावे लागतात. मीही होतो. गळक्या छतासाठी, रिकाम्या जागेसाठी भांडलो. छत झालं, शिक्षक मिळाले नाहीत. पण भांडता आलं!

"तुमचा काळ वेगळा" म्हणू नकोस. थोरला आज बरा कमावतो, म्हणून लोक मलाच त्याचा दाखला देतात. त्याच्या आईने रोज रात्री त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली, ते कुणी पाहिलं? धाकटीच्या वेळी मी चुकलो नाही. आजही तेच करेन.

खाजगी शाळेत वर्गापर्यंत जाऊ देत असतील तर खुशाल तिथे घाल. सोमवारी शाळा चालू असताना दोन्हीकडे जाऊन ये, सूनबाईलाही ने. ऑफिसात बसून माहितीपत्रक चाळू नका. पहिलीच्या दाराशी पाच मिनिटं उभं राहू का, एवढंच विचारा. काय म्हणाले ते रात्री फोन करून सांग. कितीही उशीर झाला तरी कर, मी जागा असतो.

तुझा,
काका