टेक्सचर पॅक टाकला म्हणजे चीटिंग झाली का?

प्रश्न: दादा, मी माइनक्राफ्टच्या एका सर्व्हायव्हल सर्व्हरवर खेळतो. गेम जरा भारी दिसावा म्हणून एक रिसोर्स पॅक (म्हणजे टेक्सचर पॅकच, गेममधल्या ठोकळ्यांची म्हणजे ब्लॉकची आणि वस्तूंची चित्रं बदलतो तो) आणि शेडर टाकलं, तर एकाने सगळ्यांसमोर चॅटमध्ये मला चीटर म्हटलं आणि आता अ‍ॅडमिन पॅकचा स्क्रीनशॉट मागतोय. नुसते रंगच तर बदललेत ना?

उत्तर: शेडरचं सोड रे, सावल्या आणि पाणी छान दिसतं, बदल्यात एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतात, त्यात तुझा फायदा कमी आणि पीसीचे हालच जास्त. पॅकचं मात्र नीट बघावं लागेल, कारण "नुसते रंग" हे जरा फसवं प्रकरण आहे. एक्सरे पॅक पण तसा दिसण्यातलाच बदल, दगड-माती गायब केली की आतले हिरे उघडे पडतात. हे होतं कारण सर्व्हर तुझ्या कॉम्प्युटरला आसपासचे सगळे ब्लॉक पाठवून देतो, जमिनीत गाडलेले पण, फक्त गेम ते तुला दाखवत नाही. म्हणून तर पेपर या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये अँटी-एक्सरे दिलंय, ते चालू केलं की गाडलेल्या हिऱ्यांच्या जागी साधा दगडच पाठवला जातो नाहीतर सगळीकडे खोटे हिरे पेरले जातात, मग बस खणत.

मी काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो तेव्हा शत्रूच्या मॉडेलला भडक पोपटी रंग दिला होता, म्हटलं मस्त दिसतंय. अंधाऱ्या कोपऱ्यात लपलेला माणूस ट्यूबलाइटसारखा उठून दिसायचा! एका सर्व्हरने फाइल जुळत नाही म्हणून आत घेतलंच नाही, आणि खरं सांगू, बरोबरच केलं त्यांनी.

तेव्हा पॅकच्या नावावर जाऊ नकोस, बाकीच्यांना जे दिसत नाही ते तुला दिसतंय का एवढं बघ. तलवार गुलाबी केलीस, आकाश बदललंस, कुणाचं काय जातंय. लो फायर पॅकमध्ये अंगाला आग लागल्यावर स्क्रीन झाकणाऱ्या ज्वाळा खाली सरकवलेल्या असतात, फायदा आहेच त्यात, पण पीव्हीपीवाले (एकमेकांशी लढणारे खेळाडू) बरेच जण वापरतात आणि सहसा कोणी काही बोलत नाही (मला ते अजून पटत नाही, असो). खरी अडचण ओअरला (खनिजाच्या ब्लॉकला) चमकत्या कडा देणाऱ्या पॅकची, काळ्याकुट्ट गुहेत लांबूनच हिरा दिसतो. माझ्या मते ती चीटिंगच, पण सर्व्हर त्यांचा, नियम त्यांचे, काही ठिकाणी चालतं पण.

अ‍ॅडमिनला स्क्रीनशॉट नको, झिपच पाठव, आत ब्लॉकच्या चित्रांचं फोल्डर असतं ते बघायला त्याला दोन मिनिटं लागतील. कडा खटकल्या तर तेवढ्याच फाइल्स डिलीट कर, बाकी पॅक तसाच चालतो, त्या ब्लॉकला गेमचं मूळ चित्र आपोआप येतं.