वाचकांचे प्रश्न : पराभूत जपानचा रुपेरी पडदा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जपानमध्ये चित्रपटांच्या माध्यमातून लोकशाहीचे धडे दिले, असे वाचनात आले. शिकवण चांगली होती म्हणून याला प्रबोधन म्हणायचे, की हाही प्रचारच?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तो प्रचारच होता आणि तो करणाऱ्यांनी निर्मात्यांपासून तसे लपवलेही नाही. जपानने ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती पत्करली. तेव्हापासून २८ एप्रिल १९५२ रोजी परकीय ताबा संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात वर्षे, हा ताबा चालवणाऱ्या मुख्यालयाचा (१९५१ पर्यंत त्याचे प्रमुख अमेरिकन जनरल डग्लस मॅकआर्थर) शब्द जपानी चित्रपटसृष्टीसाठी अंतिम होता. मुख्यालयाच्या नागरी माहिती व शिक्षण विभागाने सप्टेंबर १९४५ मध्येच निर्मात्यांना बोलावून कोणते विषय हवेत हे सांगितले. युद्धावरून परतलेला सैनिक पुन्हा समाजात रुजतो आहे, कामगार शांततेने संघटना उभारत आहेत, माणसे एकमेकांच्या हक्कांचा मान राखत आहेत, अशा कथा त्यांना हव्या होत्या. नोव्हेंबरमध्ये निषिद्ध विषयांची तेरा कलमांची यादी आली. लष्करशाहीचा गौरव, सूड, सरंजामी स्वामिनिष्ठा, आत्महत्येचे समर्थन, स्त्रियांचे दास्य आणि मुलांचे शोषण यांना तीत मज्जाव होता. यांतील बहुतेक कलमे कोणाही सुधारकाने आनंदाने मान्य केली असती. मात्र त्यांच्याच पंगतीत मुख्यालयाच्या आदेशांविरुद्ध काहीही दाखवायचे नाही, असेही एक कलम होते, आणि ते सुधारणेचे नव्हे, सत्तेचे होते.

तरीही हा प्रचार पोकळ नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पडद्यावर स्त्रीच्या स्वातंत्र्याची गोष्ट चालू असताना, एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत जपानी स्त्रियांनी प्रथमच संसदेसाठी मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. नवी राज्यघटना मे १९४७ मध्ये अमलात आली, कुळांना जमिनी मिळाल्या. चित्रपट जे सांगत होता त्यातले बरेचसे प्रेक्षकाच्या दारापर्यंत प्रत्यक्ष पोहोचत होते.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. लष्करी राजवटीने १९३९ मध्ये केलेल्या चित्रपट कायद्यानुसार चित्रीकरणापूर्वीच पटकथा तपासली जाई आणि दिग्दर्शक व नट यांना नोंदणी करावी लागे. हे जाचक होते, पण उघड होते. युद्धापूर्वीच्या छापील मजकुरात तर गाळलेल्या शब्दांच्या जागी फुल्या दिसत, त्यामुळे इथे काहीतरी कापले आहे एवढे तरी वाचकाला कळे. ताब्याच्या काळात पटकथा आधी नागरी विभागाकडे जाई, पूर्ण झालेला चित्रपट लष्करी सेन्सॉरकडे जाई, आणि या तपासणीची कोणतीही खूण मागे राहू द्यायची नाही असा दंडक होता. टोकियोच्या रस्त्यारस्त्यांवर अमेरिकन सैनिक फिरत होते. पडद्यावरच्या टोकियोत मात्र ते दिसू नयेत याची काळजी घेतली जाई. सेन्सॉर आहे हा उल्लेखही सेन्सॉरला चालत नसे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा धडा देणारा हात प्रेक्षकापासून असा लपवला गेला, आणि आपल्याशी कोण बोलत आहे हे ज्याला कळू दिले जात नाही, त्याला खऱ्या अर्थाने नागरिक म्हणून वागवले जात नाही, असे मला वाटते.

प्रश्न : युद्धविरोधी चित्रपटांवरही या काळात बंदी आली होती का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आली होती, आणि त्यातील फुमिओ कामेई यांचे उदाहरण तपशिलाने सांगण्याजोगे आहे. कामेई हे माहितीपटांचे दिग्दर्शक. चीनमधील आघाडीवर त्यांनी १९३९ मध्ये केलेल्या माहितीपटात विजयी वीरांऐवजी थकलेले सैनिक दिसले, म्हणून तो प्रदर्शित होऊ दिला गेला नाही, आणि पुढे त्यांना तुरुंगातही टाकण्यात आले. युद्ध संपल्यावर त्यांनी ‘अ जपानीज ट्रॅजेडी’ हा सुमारे चाळीस मिनिटांचा माहितीपट केला. युद्धकाळातील सरकारी वृत्तपटांचे तुकडे घेऊन त्यांनी ते अशा क्रमाने जोडले, की त्याच चित्रांमधून युद्धाला जबाबदार कोण, हा प्रश्न उभा राहावा. त्यातील एका दृश्यात सम्राट हिरोहितो लष्करी गणवेशात उभे आहेत. पाहता पाहता ती प्रतिमा विरघळते आणि तिच्या जागी कोट घातलेले, साधेसुधे दिसणारे नागरी वेशातील सम्राट उभे राहतात. निवेदनाने जे सांगायला कित्येक वाक्ये लागली असती, ते कामेई यांनी दोन छायाचित्रांच्या सांध्यात सांगितले.

हा माहितीपट अमेरिकन सेन्सॉरकडून रीतसर मंजूर झाला होता आणि काही ठिकाणी दाखवलाही गेला होता. मग पंतप्रधान शिगेरू योशिदा यांनी तो पाहिला आणि ते संतापले. ऑगस्ट १९४६ मध्ये मंजुरी मागे घेऊन प्रिंट आणि निगेटिव्ह जप्त करण्यात आले. सम्राटांना पदावर ठेवूनच देश शांतपणे चालवता येईल असे मुख्यालयाने तोवर ठरवले होते, त्यामुळे त्यांच्या जबाबदारीची चर्चा अडचणीची झाली होती. एकाच दिग्दर्शकाला आधी लष्करशहांनी आणि नंतर लोकशाहीच्या शिक्षकांनी गप्प केले, ही या काळातली मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

प्रश्न : युद्धकाळात प्रचारपट करणारे कलावंत रातोरात लोकशाहीवादी कसे झाले? याला संधिसाधूपणा म्हणू नये का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काहींच्या बाबतीत म्हणता येईल, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. अकिरा कुरोसावा यांनी १९४४ मध्ये भिंगे बनवणाऱ्या कारखान्यात देशासाठी राबणाऱ्या मुलींवर चित्रपट केला, आणि १९४६ मध्ये ‘नो रिग्रेट्स फॉर अवर यूथ’ केला. या दुसऱ्या चित्रपटाची नायिका सेत्सुको हारा. तिने १९३७ मध्ये नाझी जर्मनीच्या सहकार्याने झालेल्या चित्रपटात काम केले होते. म्हणजे माणसे तीच होती. पण चित्रपट पाहा. नायिकेचा नवरा युद्धविरोधी कामामुळे हेर ठरवला जातो आणि कोठडीत मरतो. शहरात वाढलेली ही मुलगी त्याच्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे खेड्यात राहायला जाते. गावाने घर वाळीत टाकलेले असते. ती आणि सासू दोघी चिखलात राबून भाताची लावणी पुरी करतात, आणि गावकरी ते सारे शेत तुडवून टाकतात. ती पुन्हा चिखलात उतरते आणि उपटलेली रोपे लावू लागते.

यादीबरहुकूम लिहिलेल्या पटकथेत एवढे बळ येत नाही. युद्धाला पाठिंबा देणारे गाव म्हणजे आपणच होतो, ही जाणीव त्या दृश्यात आहे, आणि अशी कबुली कोणत्याही मुख्यालयाला वरून लादता आली नसती. गंमत म्हणजे याच कुरोसावांचा १९४५ मधला, सरंजामी निष्ठेच्या जुन्या कथेवरचा चित्रपट १९५२ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही.

प्रश्न : हिरोशिमा आणि नागासाकीवर त्या वेळी चित्रपट निघाले नाहीत का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : चित्रीकरण झाले, पण ते लोकांपर्यंत पोहोचले नाही. जपानी वृत्तपट संस्थेच्या छायाचित्रकारांनी १९४५ च्या शरद ऋतूत दोन्ही शहरांत काम सुरू केले, तेव्हा अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्यांना आधी अडवले आणि मग आपल्या देखरेखीखाली काम पुरे करायला लावले. तयार झालेला माहितीपट १९४६ मध्ये अमेरिकेला नेण्यात आला. संस्थेतील काही जणांनी धोका पत्करून एक प्रत दडवून ठेवली होती. अमेरिकेने जपानला प्रत परत केली ती १९६७ मध्ये. जखमी आणि भाजलेली माणसे जपानी पडद्यावर दिसू नयेत, हे धोरण लष्करशाहीच्या उच्चाटनासाठी आवश्यक होते असे कोणालाही म्हणता येणार नाही. तो विजेत्याने स्वतःच्या कृत्यावर टाकलेला पडदा होता.

प्रश्न : आपल्याकडे पूर्वी चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जाणारे फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट याच प्रकारात मोडतात का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : काही अंशी. सक्तीची प्रथा ब्रिटिश सरकारने युद्धप्रचारासाठी आणली होती, आणि १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाल्यावर स्वतंत्र भारतानेही ती अवलंबली. जपानमध्येही मुख्यालयाने सुमारे १,३०० प्रोजेक्टर वाटले आणि शाळांमध्ये, सभागृहांत शैक्षणिक माहितीपट दाखवले. पण आपल्याकडे पडद्यावर संस्थेचे नाव ठळकपणे येई, हे सरकार बोलत आहे हे पिटातल्या प्रेक्षकालाही ठाऊक असे, आणि त्या सरकारला तो मतदानाने खाली खेचू शकत होता. हा फरक मला मोठा वाटतो.

प्रश्न : या काळातील कोणते चित्रपट पाहावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ‘नो रिग्रेट्स फॉर अवर यूथ’ने सुरुवात करावी. त्यानंतर कुरोसावांचाच १९४८ चा ‘ड्रंकन एंजल’ पाहावा. वस्तीच्या मध्यभागी असलेले ते घाण पाण्याचे डबके आणि काळा बाजार पाहताना, या शहराचा ताबा ज्यांच्याकडे आहे ते चौकटीत कुठेच नाहीत, याकडे लक्ष ठेवावे. शेवटी कानेतो शिंदो यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हिरोशिमा’ पाहावा. शिंदो मूळचे हिरोशिमा परिसरातलेच, आणि हा चित्रपट ताबा संपल्यावर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९५२ मध्ये प्रदर्शित झाला.