गेममधील राजकारणावर वाद घालण्यापूर्वी

व्हिडिओ गेममधील राजकारणावर वाद घालायचा तर नवख्याने सुरुवात कुठून करावी, ही तुमची शंका अगदी रास्त आहे, त्यामुळे बिचकू नका. सुरुवातीला दोन-तीनच गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

ज्या गेमबद्दल बोलायचे तो आधी स्वतः खेळा. ट्रेलरमधील एखादे दृश्य किंवा कोणीतरी कापून पसरवलेली क्लिप पाहून मत बनवणे, ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक असते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ १९ जून २०२० रोजी आला आणि एवढी लांब कथा पुरी होणे शक्यच नसताना, पहिल्या काही तासांत मेटाक्रिटिक या परीक्षणे आणि गुण एकत्र मांडणाऱ्या संकेतस्थळावर शून्य गुणांचा पाऊस पडला. पुढच्याच महिन्यात तिथे वापरकर्त्यांच्या परीक्षणांसाठी ३६ तासांची प्रतीक्षा लागू झाली. म्हणून सरासरी गुण पुरावा म्हणून पुढे करण्याआधी ते कधी दिले गेले हे तपासा. स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात तर परीक्षण लिहिणारा किती तास खेळला, हेही दिसते.

‘पूर्वी गेममध्ये राजकारण नव्हते’ हे वाक्य टाळा. १९८० चा ‘मिसाइल कमांड’ अणुयुद्धाच्या भीतीवरच उभा होता, तर २०१३ च्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये हुकूमशाही देशाच्या सीमेवर बसून पासपोर्टवर शिक्के मारणे हाच मुळी खेळ आहे. राजकारण आहे की नाही यापेक्षा ते कथेत आणि खेळाच्या नियमांत कितपत मुरले आहे, यावर बोला. लेखन फसले असेल, तर तसे उदाहरणासह स्पष्ट म्हणा.

समोरचा तुमच्या हेतूंवर घसरला, तर तिथेच थांबा. २०१४ च्या गेमरगेटचा, म्हणजे गेमविश्वातील स्त्रियांच्या ऑनलाइन छळाच्या मोहिमेचा आणि त्याभोवतीच्या वादाचा गुंता मात्र तूर्त बाजूला ठेवा; तो सवडीने वाचता येईल.