कपाटातला लॅपटॉप आधी बाहेर काढा

पत्र: मी २००४ पासून कुर्ला कारशेडमध्ये टेक्निशियन आहे. मुलाला बारावी सायन्सला ६१ टक्के पडले, सीईटीत पर्सेंटाइल ७० च्या आत. दिवसभर कॉम्प्युटर. बिल्डिंगमध्ये कुणाचं अपडेट अडलं की हा धावतो, पैसेही घेत नाही. उरलेला वेळ मित्राशी फोनवर वाद, प्रोग्राम लिहायला कुठला एडिटर चांगला म्हणून. गेल्या महिन्यात चिडून मी अपडेट चालू असतानाच त्याचा लॅपटॉप बटण दाबून बंद केला. तो परत चालूच होईना. मुलाने रात्री दोनपर्यंत बसून चालू केला. सकाळी मी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. माझ्यासारखा मेकॅनिक होऊ नये, एवढीच इच्छा आहे. एक क्लास आहे, आठ महिन्यांचा, दीड लाख फी, हप्त्यांची सोय, नोकरीची हमी देतात. तिथे घालू, की डोनेशन भरून इंजिनीअरिंगला? सोबत त्याच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवतो. दहावीची परीक्षा तोंडावर असताना हा हे लिहीत बसला होता. – एक वडील, कुर्ला

नमस्कार,

टक्के आणि क्लास यांच्याकडे नंतर येते. तुमच्या पत्रातल्या मधल्या चार वाक्यांवरच मी अडले. लॅपटॉप तुमच्या हातून बंद पडला, मुलाने जागून तो उठवला आणि सकाळी तुम्ही तो कुलपात टाकलात. रात्री दोन वाजता तो सुरू झाला तेव्हा घरात कुणी "झालं का रे?" एवढं तरी विचारलं का? रागाच्या भरात माणसाकडून होतं, मला कळतं. पण महिना झाला तरी कुलूप तसंच आहे. ही शिक्षा कशाची, हे त्या पोराला अजून समजलेलं नसेल.

आता वहीच्या पानाबद्दल. तुम्ही ते पुरावा म्हणून पाठवलंत आणि मी ते मोठं करून दोनदा वाचलं. जानेवारी २०२४. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं विंडोज १०, अपडेट केबी ५०३४४४१, एररचा आकडा ८००७०६४३. खाली क्रमाने केलेले उपाय. ट्रबलशूटर चालवला, पुढे फुली. डाउनलोड झालेल्या जुन्या अपडेट फाइल काढल्या, फुली. मग एक ओळ अधोरेखित: "रिकव्हरी पार्टिशन लहान आहे, २५० एमबी मोकळी जागा हवी." विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी डिस्कवर राखून ठेवलेला भाग म्हणजे हे पार्टिशन. त्या महिन्यात असंख्य लोकांची हीच रड होती आणि कारणही नेमकं हेच होतं. पुढे एप्रिलमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलं की हे आपोआप दुरुस्त होणार नाही, ज्याचं त्याने हाताने करावं लागेल. दहावीतल्या मुलाने निदान बरोबर केलं होतं.

पण मला त्याहून मोलाच्या वाटल्या त्या दोन ओळी. सगळ्यात वर चौकटीत लिहिलंय, "आधी काकूंचे फोटो पेनड्राइव्हवर." आणि सगळ्यात खाली, "काकांचं रोजचं काम अडत नाही. घाई नको. पार्टिशन परीक्षेनंतर." तुम्ही ती शेवटची ओळ वाचली नाहीत का? परीक्षेची आठवण त्याला होती. काम कधी करायचं आणि कधी थांबवायचं, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. हे पंचविशीतल्या इंजिनीअरांना शिकवताना नाकी नऊ येतात.

तुमचा गैरसमज असा की नवं सॉफ्टवेअर लिहितो तो प्रोग्रामर, बिघडलेलं बघतो तो मेकॅनिक, आणि पहिला दुसऱ्याच्या वरचा. तुम्ही २००४ पासून कुर्ल्यात आहात, म्हणजे मध्य रेल्वेवर लोकलच्या तारेतली वीज १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर गेली, ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं. २०१६ मध्ये हार्बरवर ते काम संपलं. लोकल एकदम बंद ठेवून नवी वीज सोडली का? नाही. वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने, रात्रीच्या आणि रविवारच्या ब्लॉकमध्ये, दोन्ही विजांवर धावणाऱ्या गाड्या मध्ये घालून ते केलं, आणि सोमवारी सकाळी माणसं कामावर पोचली. चालू यंत्रणेतलं अपडेट म्हणतात ते हेच. मोठ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांचा पुष्कळसा वेळ दुसऱ्याने लिहिलेलं जुनं वाचण्यात, ते का अडलं हे शोधण्यात आणि बदल करताना बाकीचं बंद पडू न देण्यात जातो. ते जमलं नाही तर काय होतं ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट आपल्याकडच्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला सुटलं आणि १०:५७ ला मागे घेतलं गेलं. ७८ मिनिटं. तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले, विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली. अपडेट मागे घेतलं तरी पडलेले कॉम्प्युटर उठेनात. माणसं एकेका कॉम्प्युटरपुढे बसली, सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरता कॉम्प्युटर चालू करून, ती एक सदोष फाइल काढत राहिली. त्या दिवशी त्यांना कुणी नुसतं मेकॅनिक म्हटलं नसतं.

खरं सांगू? मला मुलापेक्षा तुमची जास्त काळजी वाटली. वीसेक वर्षं ज्या हातांनी लोकल सुरू ठेवल्या, त्या कामाबद्दल तुम्ही "माझ्यासारखा होऊ नये" असं लिहिता. कष्ट, पाळ्या, पगार यांना कंटाळून लिहिलं असेल तर तसं मुलाला स्पष्ट सांगा, तो समजून घेईल. पण बिघाड शोधायची नजर त्याने तुमच्याकडूनच उचलली आहे. घरात जेवताना तुम्ही सहज बोललेलं त्याने ऐकलेलं असणार. त्याच नजरेची तुम्ही लाज बाळगलीत तर त्याने अभिमान कशाचा धरायचा?

या कामाला मुंबईत जागा आहे. सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, रिलीज इंजिनीअर, साइट रिलायबिलिटी इंजिनीअर अशी नावं आहेत. बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार, सगळ्यांना ही माणसं लागतात. बीकेसीतला राष्ट्रीय शेअर बाजार, एनएसई, शनिवारी मॉक ट्रेडिंग, म्हणजे लुटुपुटूचे व्यवहार, ठेवतो, म्हणजे ब्रोकरांना आपली सॉफ्टवेअर बाजार बंद असताना तपासून घेता येतात. तुमचा रविवारचा मेगाब्लॉक, त्यांचा शनिवार.

दीड लाखाच्या क्लासला जाऊ नका. नोकरीची हमी कागदावर मागा, अटी वाचा, मग माझं म्हणणं पटेल. आणि हप्ते म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर कर्ज असतं. क्लास आवडला नाही तरी ते फेडावंच लागतं. डोनेशनचा विचार तर डोक्यातूनच काढा. बारावीला गणित असेल तर बीएस्सी आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स, नाही तर सीईटी देऊन बीसीए, आणि पुढे वाटलंच तर एमसीए. माहितीपुस्तिकेतल्या तारखा बघा आणि घराजवळचं, लॅब संध्याकाळीही उघडी असणारं कॉलेज निवडा.

पुढचा परिच्छेद मुलाला वाचायला द्या.

बाळा, एडिटरच्या वादात तुझे बाबा थोडे बरोबर आहेत. व्हिम हा एडिटर १९९१ चा, व्हीएस कोड २०१५ चा. कुठला एडिटर चांगला हे भांडण तुझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे आणि तुझ्या फोनने मिटणार नाही. पण तुलना करणं वाईट नाही, तू ती ऐकीव माहितीवर करतोस ते वाईट. एकच छोटा प्रोग्राम घे, महिनाभर एकात, महिनाभर दुसऱ्यात लिही, आणि कुठे अडलास ते त्याच वहीत मांड, जसं काकांचं अपडेट मांडलंस. रात्री दूरच्या सर्व्हरवर शिरावं लागलं की समोर फक्त काळा पडदा असतो, माउस नसतो. तिथे व्हिमची चार बटणं येत असली की काम होतं. ऑफिसात मात्र टीम जे वापरते ते मुकाट्याने वापरायचं. गिट, म्हणजे प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, आत्ताच शिकून घे, त्यात वादाला जागा नाही. केलेला बदल अंगाशी आला की एक पाऊल मागे कसं जायचं, हे तुला रोज लागणार आहे. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बिल्डिंगमधल्या कुणाकुणाकडे अजून ते आहे, कुणाचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकतो, कुणाचा नाही, याची यादी कर. या वेळी कामाचे पैसे सांग. थोडे सांग, पण सांग.

आणि बाबा, लॅपटॉप आज संध्याकाळी बाहेर काढा. चार्जरला लावूनच त्याच्या हातात द्या. महिनाभर बंद होता, अपडेट साचलेली असतील. पडद्यावर टक्के चालू झाले की बटणाला हात लावू नका. वेळ लागेल. तेवढा वेळ त्याच्या शेजारी बसा आणि डीसीचं एसी झालं तेव्हा पहिली गाडी बाहेर काढताना कारशेडमध्ये काय काय झालं होतं, ते त्याला सांगा.