पिशवी नंतर, आधी चकती

स्टोमाची पिशवी डिझाइन करायची आहे ना, तर पिशवीचं चित्र नंतर काढ. स्टोमा म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड; त्यातून मळ (विष्ठा) बाहेर येतो आणि वर लावलेल्या पिशवीत जमतो. आधी त्वचेला चिकटणाऱ्या चकतीकडे बघ, सगळं गाडं तिथेच अडतं. स्टोमा लालसर, ओलसर असतो. त्याला हात लावला तरी दुखत नाही. दुखते ती भोवतालची, मळ लागून सोललेली कातडी. म्हणून चकतीचं भोक स्टोमापेक्षा जेमतेम २-३ मिलिमीटर मोठं हवं. शस्त्रक्रियेनंतरचे ६-८ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, तेव्हा एकच ठरावीक माप नको. कात्रीने कापता येईल अशी चकती ठेव. चिकट थर हायड्रोकोलॉइडचा घे (पेक्टिन, जिलेटिन आणि सीएमसी म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज यांचं मिश्रण), तो घाम शोषतो. साधी चिकटपट्टी मे महिन्यात दुपारीच सुटेल.

वासाचा धसका रुग्णाला सगळ्यात जास्त. वायू जायला सक्रिय कोळशाची गाळणी वरच्या बाजूला दे, खाली दिलीस तर भिजून बंद पडेल. धुऊन पुन्हा वापरायची पिशवी स्वस्त पडते, कर खुशाल. पण आतले कोपरे गोल ठेव, शिवणीतला मळ निघता निघत नाही.

१९५४ साली डेन्मार्कच्या एलिसे सोरेन्सन या नर्सला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली ती स्टोमा झालेल्या बहिणीचे हाल बघून. तूही स्टोमा क्लिनिकमध्ये जाऊन बस. माणसाला उकिडवं बसायला सांग, परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो ते आख, म्हणजे चकती तिथे दाबली जाणार नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करतात, तेव्हा खालची क्लिप थरथरत्या म्हाताऱ्या बोटांनाही उघडता यायला हवी.